मामांचा वळसा

मामा कधीच बोटाने काही दाखवत नसत. मगर असो की झाडाच्या शेंड्यावरचा गरुड, हनुवटी जराशी पुढे करायची आणि आपण तिकडे बघेपर्यंत स्वतः भलतीकडेच पाहायला लागायचं, अशी त्यांची पद्धत. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारपण आहे, बोटं वळत नसतील. पण एकदा होडी थांबवून आम्ही पाणी पीत होतो, तेव्हा मी समोरच्या झाडीकडे बोट करून "तिथे काय आहे?" असं विचारलं. त्यांनी माझं ते लांब केलेलं बोट आपल्या मुठीत धरलं, हलकेच दुमडलं आणि माझा हात माझ्याच मांडीवर ठेवून दिला.

"ज्याच्याकडे बोट करशील, ते तुझ्याकडे बघायला लागेल," ते म्हणाले.

फ्लोरिडातल्या जुलैची भर दुपार होती. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. तरीसुद्धा माझ्या हातावर काटा उभा राहिला, आणि त्या झाडीकडे मी दिवसभर पाहिलं नाही.

मामा मिकोसुकी या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचे होते. मायामी शहर संपलं की पश्चिमेकडे एक सरळसोट रस्ता जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं पाणी आणि गवत. पाणी गुडघाभर, फार तर कमरेएवढं. गवत माणसाहून उंच, आणि पात्यांना करवतीचे दाते. मधूनमधून झाडांची छोटी बेटं. या एव्हरग्लेड्समध्ये मिकोसुकी लोक दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी शिरले ते मागे लागलेल्या अमेरिकन सैन्याला चुकवून, आणि मग तिथलेच झाले. बेटांवर मका लावायचा, खांबांवर ताडपानांचं छप्पर घालून बिनभिंतींच्या झोपड्या बांधायच्या, झाडाचं खोड कोरून केलेल्या होडीतून हिंडायचं. आता बहुतेक जण रस्त्याकडेच्या पक्क्या घरांत राहतात, ट्रक चालवतात. मामांनाही पक्कं घर होतं, पण त्यात त्यांचं सामान राहत असे. ते स्वतः घरामागच्या झोपडीत झोपत. भिंत असली की मला ऐकू येत नाही, म्हणायचे. काय ऐकू येत नाही, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

मी मूळची भंडाऱ्याची. तलावांचा जिल्हा, तेव्हा मी पाण्याचं इंजिनिअरिंग केलं यात नवल नाही. नवल हे, की लग्नानंतर टेक्सासातल्या शुगर लँडमध्ये सात वर्षं नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांसाठी समोसे तळून झाल्यावर माझं शिक्षण कोणाला तरी आठवलं. मायामीला बदली झाली आणि मला तिथल्या पाण्याच्या खात्यात नोकरी लागली. काम सोपं होतं. पाणथळात ठिकठिकाणी फूट-इंचांच्या खुणा केलेले खांब रोवलेले आहेत, त्यांच्यावर पाणी कुठवर आलं ते दर आठवड्याला पाहायचं, सेन्सर तपासायचे आणि परत यायचं. पाठीवरच्या पिशवीत एक जीपीएस असायचा. आम्ही कुठून कुठे गेलो ती वाट तो आपोआप टिपायचा आणि ऑफिसात आल्यावर ती साठवून ठेवायची, असा नियम.

मिकोसुकींच्या भागात जायचं तर त्यांच्यातलं कोणीतरी सोबत हवं, असाही नियम होता. त्यांच्या कचेरीत पाण्याचं काम पाहणारी एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची. जीन्सवर त्यांचं ते रंगीत तुकड्या-तुकड्यांचं जाकीट, ट्रकच्या किल्ल्या कमरेला, बोलणं तोलूनमापून. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "माझे मामा येतील. पंखा लावलेली मोटारबोट ते वापरत नाहीत, तेव्हा वेळ लागेल. आणि ते बोलले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका."

मामा आले ते डोंग्यातून. आमच्याकडे धीवर लोक तलावात चालवतात तोच डोंगा, फक्त हा सायप्रसच्या खोडाचा आणि लांबलचक. मागच्या टोकावर उभं राहून ते बांबूएवढ्या जाड काठीने तळाला रेटा द्यायचे. मला पाहिल्यावर ते बोलले, आणि तेही नमस्कार-चमत्कार सोडून एकदम मुद्द्यावर.

"तुझ्या आईचं कुळ कोणतं?"

मी मोठ्या ठसक्यात सांगितलं, "काश्यप गोत्र."

"आईचं?"

"नाही, वडिलांचं. म्हणजे लग्नाआधीचं. आता नवऱ्याचं, भारद्वाज."

"मी आईचं विचारलं," ते म्हणाले आणि काठी पाण्यात घातली.

मिकोसुकींमध्ये मूल आईच्या कुळाचं असतं. मामा पाणमांजर कुळाचे, कारण त्यांची आई त्या कुळाची. लग्न झालं की नवरा बायकोच्या वस्तीवर राहायला जायचा. मुलांना वळण लावायचं काम बापाचं नव्हे, आईच्या भावाचं. आपल्याकडे मामा म्हणजे लाड, त्यांच्याकडे मामा म्हणजे शिस्त. हे सगळं मला कचेरीतल्या त्या बाईने, मामांच्या भाचीने, नंतर सांगितलं. त्या दिवशी मी घरी आल्यावर आईला भंडाऱ्याला फोन लावला.

"आई, तुझ्या आईच्या आईचं माहेर कोणतं गं? गोत्र काय त्यांचं?"

"काऊन वं? तिकडं कोनाचं लग्न जुळवून राहिली का तू?"

"नाही गं, ऑफिसच्या कामासाठी."

"ऑफिसात गोत्र विचारतेत?" आई म्हणाली, "माझ्या मायचं माहेर पवनीकडचं, तेवढंच ठाऊक आहे मले. तिच्या मायचं कोन सांगन आता? बाईचं कोन लिहून ठेवते?"

पुढच्या आठवड्यात मी मामांना सांगितलं, की आमच्यात ते कोणालाच माहीत नाही. ते बराच वेळ काठी मारत राहिले. पहिला खांब आला, मी आकडा लिहिला, दुसऱ्या खांबाच्या वाटेला लागलो, तेव्हा पाठीमागून त्यांचा आवाज आला.

"मग तुला न्यायला कोण येणार?"

"कुठे न्यायला?"

त्यांनी काठी पुन्हा तळाला रेटली. त्यांचं इंग्रजी मोजकंच होतं, पण तेवढ्यासाठी ते गप्प बसले नव्हते, हे मला पाठमोरं बसूनही कळलं. त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणायला लागले. मामा म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. आईचा भाऊ, असं मी सांगितलं. तीन आठवडे त्यांनी त्यावर विचार केला असावा. चौथ्या आठवड्यात डोंग्यात पाय ठेवताना म्हणाले, "चालेल."

त्यांच्या दोन सवयींनी मी वैतागले होते. एक म्हणजे ते डोंगा सरळ कधी नेत नसत. समोर मोकळं पाणी दिसतंय, खांब दिसतोय, आणि मामा आपले डावीकडे गवतात शिरून लांबलचक वळसा घालतायत. परत येताना उजवीकडून दुसरा वळसा. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास. मला वाटायचं, म्हाताऱ्याला कोणीतरी ऐकायला मिळालंय, सोडवत नाहीये. पण ऐकवायला ते काही बोलतही नसत.

दुसरी सवय म्हणजे एक प्रश्न. प्रत्येक फेरी संपली, मी काठावर उतरले, बूट झटकले, की ते विचारायचे, "यंत्र चालू होतं ना?"

"हो मामा, चालू होतं."

तेवढं ऐकलं की ते डोंगा वळवून निघून जायचे आणि कधीही मागे वळून बघायचे नाहीत. आमच्याकडे स्मशानातून परतताना मागे बघत नाहीत, तसं. मी एकदा हात हलवून निरोप दिला होता. तो हात किती वेळ हवेत राहिला ते मलाच माहीत.

दुपारचं जेवण आम्ही एका बेटावर करायचो. तिथे पूर्वी कोणाची तरी वस्ती होती. आता दोन झोपड्या उरल्या होत्या, एक बसायची, एक चुलीची. चूल म्हणजे चार-पाच लांब ओंडके, चाकाच्या आऱ्यांसारखे जमिनीवर ठेवलेले, मधोमध टोकाला टोक. मध्ये विस्तव. लाकूड जळेल तसतसा ओंडका पायाने आत सरकवायचा. जायचं असलं की ओंडके बाहेर ओढायचे, विस्तव आपोआप मंदावतो. पाणी ओतायचं नाही. मामा मक्याची पातळ पेज करायचे. ती सगळ्यांनी एकाच लाकडी पळीने प्यायची, पळी एकाकडून दुसऱ्याकडे जायची. आमच्या घरी उष्ट्याखरकट्यावरून आईने मला लहानपणी काय बोलणी दिली आहेत! पहिल्या दिवशी पळी ओठाला लावताना मी डोळे मिटले होते. मग सवय झाली.

सवय झाली नाही ती वेगळ्याच गोष्टीची. पळी त्यांच्याकडून माझ्याकडे येण्याआधी मध्ये थांबायची. माझ्या डाव्या हाताला जी जागा रिकामी असायची, तिथे मामा पळी धरायचे, एखादा घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ, आणि मग माझ्याकडे द्यायचे. मी काही विचारलं नाही, फक्त थोडी उजवीकडे सरकून बसायला लागले. एकदा मामांनी ते पाहिलं. "सरकू नकोस," म्हणाले. "तिला वाटेल, तुला आवडत नाही."

आणि एकदा आठवड्याने तिथे पोचलो, तर मामांनी स्वतः बाहेर ओढून ठेवलेले ओंडके आत सरकवलेले होते. टोकाला टोक. मी राखेवर हात धरला. ऊब होती.

"कोणी आलं होतं का?" मी विचारलं.

"हे त्यांचंच घर आहे," मामा म्हणाले आणि पेजेचं भांडं चढवलं.

घरी हे सांगितल्यावर नवऱ्याने माझी यथेच्छ टिंगल केली. "तुझ्या मामांना सांग, वीकएंडला आमच्याकडे बार्बेक्यू आहे, पाहुण्यांना घेऊन या, पळ्या जास्तीच्या ठेवतो." मुलगी मात्र हसली नाही. "आई, दॅट्स सो क्रीपी. तू त्या प्लेसला बसू नको ना," एवढंच म्हणाली. रात्रीच्या पोळ्या लाटताना माझ्या लक्षात आलं, की मी ओट्यापाशी उजवीकडे सरकून उभी आहे.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या खात्याने त्या सगळ्या भागाची पाण्याची कमाल पातळी ठरवायला घेतली. दक्षिणेला पाणी कमी पडत होतं, म्हणून इथे जास्त साठवायचं होतं. हेतू वाईट नव्हता. पण पाणी वाढलं की बुटकी बेटं बुडतात. म्हणून खात्याने सगळ्यांना विचारलं होतं, तुमची काही राखायची जागा असेल तर नकाशावर दाखवा आणि तिथल्या जमिनीची उंची कळवा, म्हणजे पातळी त्याच्या खाली ठेवता येईल. मिकोसुकींकडून उत्तर आलं, की अशा जागा आहेत, पण दाखवणार नाही.

आमच्या साहेबाने कपाळावर हात मारला. मीही भाचीला फोन केला आणि जरा चिडूनच म्हटलं, "जागा सांगितली नाही तर वाचवायची कशी?"

"सांगितली तर वाचली असं कसं म्हणायचं?" ती म्हणाली. मग तिने मला जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. त्यांची जुनी पद्धत अशी, की माणूस गेला की त्याला लांबच्या बेटावर नेऊन ठेवायचं. त्याची भांडी, त्याची अवजारं मोडून त्याच्याजवळ ठेवायची, म्हणजे ती त्याच्याबरोबर जातात. मग मागे न बघता परत यायचं आणि त्या जागी पुन्हा पाऊल टाकायचं नाही. नाव घ्यायचं नाही, जागा सांगायची नाही. मामांनी साठ वर्षांपूर्वी आपल्या आईला असंच नेऊन ठेवलं होतं. "कागदावर खूण झाली की उद्या तिथे कॅमेरा घेऊन माणसं उतरतील," ती म्हणाली. "आणि नाही झाली तर पाणी चढेल. दोन्हीकडून आमचीच माणसं जाणार."

मला मडकं आठवलं. वडिलांच्या वेळी भावाच्या खांद्यावरच्या मडक्याला छिद्रं पाडली होती आणि शेवटी त्याने ते मागे न बघता फोडलं होतं. 

त्या आठवड्यात ऑफिसात बसून मी वर्षभराच्या फेऱ्यांचा हिशोब लावत होते. सहज म्हणून सगळ्या फेऱ्यांच्या वाटा मी संगणकावर एकाच नकाशावर चढवल्या. पन्नासेक वाटा, निळ्या रेघांचं जाळं. सगळीकडे रेघा एकमेकींवरून गेल्या होत्या, आणि मधोमध एक जागा कोरी होती. गोल, स्वच्छ. डावीकडून वळसा घालणाऱ्या रेघा, उजवीकडून वळसा घालणाऱ्या रेघा, आणि आत एकही नाही.

"यंत्र चालू होतं ना?"

वर्षभर त्यांनी मला दर आठवड्याला ती जागा सांगितली होती. बोट न दाखवता, तोंडाने एक शब्द न काढता, तिच्याभोवती फिरून फिरून. आणि मी मूर्ख बाई घड्याळ बघत बसले होते.

मी ते चित्र छापलं आणि पुढच्या फेरीला बेटावर मामांसमोर धरलं. केवढी चूक केली हे मला त्यांचा चेहरा पाहून कळलं. त्यांनी कागद हातात घेतला, छापलेली बाजू खाली केली आणि ओंडक्यांच्या मधोमध ठेवला. कागद जळून राख झाला. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण पाणी मोजणाऱ्या बाईला आकड्याशिवाय चैन पडत नाही.

"मामा, जागा कळली, पण तेवढ्याने होणार नाही," मी म्हटलं. "जमीन पाण्याच्या किती वर आहे ते कळायला हवं. आकडा असल्याशिवाय साहेब ऐकणार नाही. आणि मी तर तिथे जाऊ शकत नाही."

"नाही. तू नाही," मामा म्हणाले.

त्यापुढच्या आठवड्यात ते उशिरा आले. कधी नव्हे ते त्यांचे कपडे कमरेपर्यंत ओले होते. त्यांनी मला थेट त्या कोऱ्या जागेजवळच्या खांबापाशी नेलं.  तिथे पोचल्यावर त्यांनी कमरेच्या पट्ट्यातून एक काडी काढली. ताजी तोडलेली, वीतभरापेक्षा थोडी लहान. ती पाण्याच्या पृष्ठभागापासून वर खांबाला लावून धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

पाणी संथ होतं, वारा नव्हता. मैलभरात पाण्याची पातळी सगळीकडे सारखीच. ती काडी म्हणजे त्या कोऱ्या जागेतल्या पाण्यापासून तिथल्या जमिनीपर्यंतची उंची. काडीचं वरचं टोक खांबाच्या ज्या खुणेपाशी आलं, तोच मला हवा असलेला आकडा. इतकं अचूक मोजमाप मी इंजिनिअरिंग कॉलेजात सर्व्हेच्या प्रॅक्टिकललाही केलं नव्हतं.

"आजच लिही," ते म्हणाले. "उद्या पाणी बदलेल."

मी लिहिलं. ही काडी कुठून आली हे मला कळलं होतं. जिथे साठ वर्षांपूर्वी स्वतःच्या आईला ठेवून ते मागे न बघता आले होते, तिथे ते माझ्या एका आकड्यासाठी परत गेले होते.

"मामा, तुम्ही गेलात?"

त्यांनी काडीचे दोन तुकडे केले आणि पाण्यात सोडले.

"आई होती," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, दुकानात कोणी ओळखीचं भेटलं असं सांगावं तसा. "म्हणाली, लवकर आलास."

आकडा घेऊन मी काय केलं ते सांगते, कारण त्यात मला लाज वाटण्यासारखं काही नाही. त्याच उंचीचं दुसरं एक बेट मी शोधलं. तिथे कोणाचं काही नव्हतं, फक्त जुनी झाडं होती. त्या बेटाची रीतसर मोजणी केली. पाणी अमुक खुणेच्या वर महिनाभर राहिलं तर ही झाडं कुजतील, असं लिहिलं. प्रत्येक शब्द खरा होता. साहेबाने दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. कमाल पातळी चार इंच खाली आली. कोऱ्या जागेचं नाव कुठेही आलं नाही.

ही बातमी मामांना सांगायला मी गेले तेव्हा ते घरामागच्या झोपडीत पडून होते. मला वाटलं होतं, ते खूश होतील. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. भिंती नव्हत्याच, तरी ते कुठलातरी आवाज ऐकत असल्यासारखे कान देऊन होते. अंगात ताप नव्हता, डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, माझ्यामुळे झालं हे. मी आकडा मागायला नको होता."

"तू मोजणारी आहेस," ते म्हणाले. "तू मागणारच." मग कूस बदलून, "भाची डोंगा चालवत नाही. तिला मोटारबोट आवडते. तू शिक."

ते सहा आठवड्यांनी गेले. त्यांना कुठे नेलं हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. भाची त्यांचं नाव घेत नाही, म्हणून मीही इथे लिहिलेलं नाही. मी रडले ते घरी, नवऱ्यासमोर. त्याने या वेळी टिंगल केली नाही, पोळ्या त्याने केल्या. त्या पोळ्यांबद्दल काही न बोललेलं बरं.

मी डोंगा चालवायला शिकले. चाळिशी ओलांडलेल्या बाईने काठीवर जोर देत उभं राहणं हा काय प्रकार असतो, ते माझ्या गुडघ्यांना विचारा. पहिल्या महिन्यात तीनदा पाण्यात पडले. नियमाप्रमाणे भाची सोबत यायची, पुढे बसायची, तिकडे तोंड करून. डावीकडे, उजवीकडे, असं तिने एकदाही सांगितलं नाही. कोरी जागा मला पाठच होती, तिला वळसा घालून मी खांबापर्यंत जायचे. बेटावर थांबलो की पेज करायचो. पळी माझ्याकडून तिच्याकडे जाताना मध्ये थांबायची. मी मुद्दाम थांबवत नव्हते. आता तिथे एक घोट पुरायचा नाही, दोन घोटांएवढा वेळ जायचा.

चार महिन्यांनी पुन्हा मी वाटांचं जाळं संगणकावर चढवलं. खरं तर जुन्या वाटा खात्याच्या साठ्यातून पुसून टाकायच्या होत्या, त्या आधी एकदा डोळ्यांखालून घालाव्यात म्हणून. मामांच्या वाटा निळ्या, माझ्या लाल. निळ्या जाळ्यात ती एकच कोरी जागा. लाल जाळ्यात दोन.

दुसरी जागा पहिलीच्या अगदी शेजारी होती. मामांच्या निळ्या रेघा तिच्यावरून आरपार गेल्या होत्या, म्हणजे तिथे तेव्हा वळायला काही कारण नव्हतं. माझ्या सोळाच्या सोळा लाल रेघा मात्र तिला टाळून गेल्या होत्या. जाताना डावीकडून, येताना उजवीकडून. तिथे वळल्याचं मला एकदाही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला विचारलं. काही दाखवलं नाही, फक्त विचारलं, "मला तिथे वळायला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच वळत होता," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मी बघत होते, सांगावं लागतंय का." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

निळ्या आणि लाल, सगळ्या वाटा मी पुसल्या. खात्याच्या नियमात हे बसत नाही, आणि उद्या कोणी विचारलं तर नोकरी जाईल हे मला माहीत आहे. साहेबाला सांगितलं, की जीपीएस पाण्यात पडून बिघडलाय. तीनदा पडले होते, त्याला ते सहज पटलं.

त्यानंतरच्या पहिल्या फेरीला मी जीपीएस गाडीतच ठेवला. सकाळ लख्ख होती. पांढरे बगळे गवतात उभे होते. पाणी खांबावरच्या आमच्या खुणेच्या दोन बोटं खाली होतं. आम्ही दोन्ही जागांना वळसा घालून निघालो आणि मोकळ्या पाण्यात आलो, तेव्हा मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"यंत्र बंद आहे ना?"

"हो, गाडीत ठेवलंय," मी भाचीला म्हटलं.

तिने पुढूनच मान वळवली. "मी काही विचारलं नाही," ती म्हणाली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आवाज माझ्या पाठीमागून आला होता. डोंग्याच्या मागच्या टोकावर मी उभी होते. माझ्या मागे फक्त पाणी होतं.

भाचीने तोंड पुन्हा पुढे केलं. तिला जे समजायचं ते समजलं असावं. मी काठी घट्ट धरली. आईच्या आईच्या आईचं नाव मला आजही माहीत नाही, पण मला न्यायला कोण येणार हा प्रश्न आता मला पडत नाही. मी मागे वळून पाहिलं नाही.

"बंद आहे, मामा," मी मराठीत म्हटलं, आणि काठीला रेटा दिला.